वॉशर-ड्रायर: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरल्यावर

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटला बाल्कनी नाही. जुलैत कपडे घरातच पंख्याखाली वाळत, तरी कुबट वास जात नसे. म्हणून गेल्या जूनमध्ये फ्रंट लोड वॉशर-ड्रायर घेतलं. धुण्याची क्षमता 8 किलो, वाळवण्याची 5. ड्रायर लावायचा असेल तर 5 हाच आकडा खरा धरा. ड्रम गच्च भरला की गरम हवा कपड्यांतून खेळतच नाही.

बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण वाळवतानाही आमच्या मशीनला नळाचं पाणी लागतं. ड्रमच्या वरच्या बाजूला हवेच्या मार्गात वेगळा हीटर आहे. पंखा तिथली तापलेली हवा ड्रममध्ये ढकलतो, ती ओलावा घेऊन कंडेन्सरमध्ये जाते. तिथे थंड पाणी बारीक धारेने सोडलेलं असतं. गार तांब्याला बाहेरून थेंब सुटतात तसं वाफेचं पाणी होतं, ते ड्रेन पाइपने जातं आणि हवा परत हीटरकडे वळते. वाफ बाहेर सोडायला भिंतीला भोक पाडावं लागत नाही, ही फ्लॅटवाल्यांची मोठी सोय. मात्र सोसायटीचं पाणी गेलं की वाळवणं अडतं. मे महिन्यात ड्रायर क्वचितच लागतो, पण दुपारी लावला तर वेळ बराच वाढतो, कारण गच्चीवरच्या टाकीचं पाणीच तापलेलं असतं. त्या दिवसांत आम्ही तो पहाटे लावतो.

आता वीज. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण 0.63 युनिटइतकी उष्णता लागतेच, त्यातून कुठल्याच कंपनीची सुटका नाही. 4 किलो सुती कपडे 1400 आरपीएमवर पिळले तरी दोनेक लिटर पाणी उरतं. म्हणजे सव्वा युनिट तिथेच गेलं, वर वाया जाणारी उष्णता वेगळी. म्हणून सुती कपड्यांना स्पिन कायम सर्वांत जास्त ठेवा. हीट पंपवाली मशीन तीच उष्णता फिरवून वापरतात, वीज बरीच कमी घेतात. किंमत जास्त आहे, पण रोज ड्रायर लागणाऱ्यांनी तीच बघावीत.

टॉवेल अप्रतिम निघतात, मऊ आणि फुललेले. गणवेशही छान. जीन्सची कंबरपट्टी आणि खिशांचे कोपरे मात्र ओलसर राहतात, त्या उलट्या करून टाकाव्यात. दार उघडल्यावर सगळेच कपडे दमट लागतात, पण ती आत कोंडलेली वाफ असते. लगेच झटकून पसरले की थोड्या वेळात कोरडे. तसेच ड्रममध्ये ठेवले तर अशा चुण्या पडतात की इस्त्रीलाही दाद देत नाहीत.

आमच्या मॉडेलला लिंटची वेगळी जाळी नाही. टॉवेलचा कापूस दाराच्या रबराच्या घडीत करडा लगदा होऊन बसतो. दर वेळी ओल्या फडक्याने पुसतो, खालचा ड्रेन फिल्टरही अधूनमधून उघडतो. सर्वांना मनापासून सांगते, घेण्याआधी बाथरूमजवळ 16 अँपिअरचं अर्थिंगवालं सॉकेट आहे का आणि नळाला पुरेसा दाब येतो का, हे आधी तपासा. एक्स्टेंशन बोर्डवर हे मशीन अजिबात लावू नका.