न्गाजर्लीची पायवाट : मार्गदर्शकासह एक फेरी

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कराथा शहराजवळ मुरुजुगा हा परिसर आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. येथे दहा लाखांहून अधिक कातळशिल्पे असावीत, असा अंदाज आहे. कोकणातल्या सड्यांवर आडव्या जांभ्यात कोरलेली चित्रे पाहत मोठा झाल्यामुळे, मुरुजुगातील न्गाजर्लीच्या घळीत उभ्या रचलेल्या लाल-तपकिरी शिळांच्या राशींकडे पाहताना पहिली दहा मिनिटे मला काहीच सापडत नव्हते. मार्गदर्शकाने आम्हाला दोन पावले डावीकडे सरकवले, उन्हाची तिरीप बाजूने पडू लागली, आणि काळपट पापुद्रा ठोकून काढल्याने फिकट दिसणाऱ्या रेघांतून एक कासव उमटले.

त्या कासवाशेजारीच कांगारू होता आणि फेरीचा खरा गाभा तिथेच होता. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १३० मीटर खाली होती, किनारा शंभर किलोमीटरांहून अधिक दूर होता आणि आज बेटे दिसतात ते मैदानातले डोंगर होते. बर्फ वितळून समुद्र आत सरकला तसे शिकारी लोकांच्या पायाखालचे मैदान गेले आणि मासे-कासवे त्यांच्या दाराशी आली. मार्गदर्शक तिथल्या मूळ समाजातील असल्याने हे तो आपल्या घरची हकीकत सांगावी तसे सांगत होता. काही चित्रांचा अर्थ सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, असेही त्याने स्पष्ट केले, आणि हा संकोच मला फार योग्य वाटला.

तक्रार एवढीच की, याच परिसरातील केप ब्रुगिएर येथे समुद्रात बुड्या मारणाऱ्या संशोधकांना तळावर सापडलेल्या २६९ दगडी वस्तूंविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन आमच्या फेरीत दोन वाक्यांत उरकले. त्या वस्तू किमान ७,००० वर्षांपूर्वीच्या, म्हणजे तो तळ कोरडी जमीन होता तेव्हाच्या आहेत. बुडालेला किनारा समजावून देणारा याहून थेट पुरावा तिथे दुसरा नव्हता. एखादा नकाशा हाती दिला असता तरी पुरले असते.

आम्हाला अकराची वेळ मिळाली होती, ऊन डोक्यावर येऊ लागले होते आणि शेवटची चित्रे जवळजवळ पुसल्यासारखी दिसली. जमिनीपासून थोडी उंच बांधलेली सुमारे ७०० मीटरची पायवाट वृद्धांनाही सोपी आहे. मात्र सकाळची पहिलीच फेरी मागून घ्यावी आणि पाणी आपले आपण न्यावे.