गुलमर्ग: फेब्रुवारीचा भुसभुशीत बर्फ की एप्रिलचा ओला?

गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर, 3,900 मीटरच्याही वर नेऊन सोडतो. तिथून दोरीपलीकडे, म्हणजे आखून दिलेल्या उतारांबाहेर, स्कीइंग करायचं, तर कधी जावं?

फेब्रुवारीचा बर्फ पिठासारखा. खरी मजा त्यातच, आणि घातही. वादळात दोन-तीन फूट नवा थर पडतो, वारा तो उचलून आडोशाच्या उतारावर रचतो, आणि खाली जुना रवाळ थर असला की वरची लादी एका माणसाच्या वजनानेही सुटते. फावड्याने खड्डा खणून तो खालचा बर्फ मुठीत घेऊन बघा: कितीही दाबला तरी गोळा होत नाही, साखरेसारखा बोटांतून ओघळतो. पायाखाली धप्प आवाज होऊन बर्फ खचला, तर तिथूनच मागे फिरायचं. असं हिमस्खलन बहुतेकदा 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं. म्हणजे स्कीला नेमका आवडणारा उतार! फेब्रुवारी 2024 मध्ये इथेच एका रशियन स्कीअरचा जीव गेला.

एप्रिलचं गणित घड्याळाचं. रात्री गोठलेला बर्फ सकाळी टणक असतो. उन्हाने आत पाणी झिरपलं की ओले लोट सुटतात. बूट घोट्यापर्यंत रुतू लागला, की उशीर झालाच म्हणून समजा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी एप्रिलच सुचवेन. बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं मात्र दोन्ही वेळी हवंच. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सोबत्यांनीच बाहेर काढायचा असतो.