दारावर बिल तपासायला माणूस ठेवावा का?

किराण्याचं दुकान मोडून सेल्फ सर्व्हिस केलं, की पहिल्याच वर्षअखेरीच्या मोजणीत माल कमी भरतो आणि कोणीतरी सांगतंच, 'दारावर माणूस उभा कर, बिल बघून सोडायला सांग.' मलाही सांगितलं. मी माणूस ठेवला, सव्वा वर्ष चालवला आणि नंतर काढला. आमचं दुकान कराडजवळ, एकच मजला, तीन काउंटर, आत-बाहेर करायला एकच दार. सध्या ओळखीतले दोघे-तिघे दुकानदार याच विचारात आहेत. त्यांना फोनवर तुटक सांगण्यापेक्षा नीट लिहितो.

आधी दारावरच्या माणसाच्या बाजूनं बोलतो, कारण त्याचा उपयोग होतो. फक्त आपल्याला वाटतो तिथं होत नाही. मी वहीत नोंद ठेवायला सांगितली होती. त्या सव्वा वर्षात खरी चोरी म्हणावी अशी दोनदाच सापडली. बाकी जे सापडलं त्या सगळ्या आमच्याच काउंटरच्या चुका. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली दहा किलोची तांदळाची पिशवी स्कॅन करायची राहिलेली. एकच शॅम्पू दोनदा लागलेला. एकावर एक फुकट असलेल्या साबणाचे दोन्हीचे पैसे घेतलेले. यातल्या निम्म्या चुका गिऱ्हाइकाच्या नुकसानीच्या होत्या, आणि दारावर पैसे परत मिळाले की माणूस खूश होऊन जायचा. अमेरिकेत कॉस्टको ही दुकानांची मोठी साखळी दारावर बिल बघते तेव्हा तीही हेच कारण देते, की जास्त पैसे लागले नाहीत ना ते पाहतो. हे कारण खरं असू शकतं, मी पाहिलंय.

दुसरा उपयोग बोलायला अवघड आहे. काउंटरवरचा पोरगा ओळखीच्या माणसाचे तीन तेलाचे पुडे पुढं सरकवतो आणि बारकोड एकाचाच मारतो. हे कॅमेऱ्यात कळतं, पण कॅमेरा बघत बसायला वेळ कोणाला आहे? दारावर दुसरा डोळा असला की हा प्रकार बऱ्यापैकी थांबतो. काउंटरवर माणसं सारखी बदलत असतील तर हा मुद्दा वजनदार आहे, मी तो हलका धरणार नाही.

चोर मात्र दारावर सापडत नाही. ज्याला न्यायचंय तो वस्तू ट्रॉलीत ठेवून बिलासकट वॉचमनच्या हातात देत नाही. ब्लेडचं पाकीट शर्टाच्या आत जातं, आणि अंगाला हात लावायचा अधिकार ना वॉचमनला आहे ना आपल्याला. दारावरचा माणूस पिशवी आणि कागद जुळवतो, तेवढंच त्याचं काम. तेही गर्दीच्या वेळी कसं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. चाळीस ओळींच्या बिलावर नजर टाकायची, वरच्या दोन वस्तू बघायच्या आणि पंच मारायचा.

गिऱ्हाईक रागावेल का, ही भीती सगळे बोलून दाखवतात. माझ्या अनुभवात ती थोडी जास्तच आहे. राधाकिशन दमानींनी २००२ मध्ये पवईत पहिलं डी-मार्ट काढलं, त्यानंतरच्या वीस वर्षांत आपल्याकडं लोकांना दारावर बिल पुढं करायची सवय झालीय. शहरातून गावी आलेली मंडळी तर न मागताच बिल हातात धरून यायची.

मग काढलं का? सांगतो.

ऊसतोडीचा हंगाम होता. टोळ्या उतरल्या की आमच्याकडं संध्याकाळी गर्दी असते. मी तिसऱ्या काउंटरजवळ उभा होतो. पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ दोन भरल्या पिशव्या घेऊन निघाले. आमच्या माणसानं मान हलवून त्यांना जाऊ दिलं, बिलाकडं पाहिलंही नाही. त्यांच्या मागं एक तोडणीवाली बाई होती. हातात तेलाचा पुडा, दोन किलो साखर, बिस्किटाचे चार पुडे, काखेत मूल. तिला थांबवलं. तिनं सुट्ट्या पैशांबरोबर बिल पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं होतं. मूल खाली उतरवलं, तेल आणि साखर दाराच्या पायरीवर ठेवली आणि दातानं गाठ सोडवली. बिल घामानं मऊ झालं होतं, चार घड्या पडलेल्या. आमच्या माणसानं ते उलगडलं, वस्तू मोजल्या, पंच मारला. बाईनं एक शब्द काढला नाही. परत गाठ मारली, मूल उचललं आणि गेली.

वॉचमन वाईट माणूस नव्हता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, 'मालक, सगळ्यांना थांबवलं तर रांग लागती, मग बघून बघून थांबवतो.' त्यानंतर आठ दिवस मी मुद्दाम दाराशी उभा राहिलो. बघून म्हणजे काय बघून, तर कपडे बघून. ओळखीचा, गाडीवाला, इस्त्रीचा माणूस सुटायचा. मजूर, वस्तीवरच्या बायका आणि शाळकरी पोरं थांबायची. मी त्याला असं कधी सांगितलं नव्हतं. पण माणूस माझा, दार माझं, म्हणजे ती बाई माझ्याच सांगण्यावरून थांबली होती. त्या वर्षी सापडलेल्या दोन चोरांपैकी एकाच्या अंगावर चांगला कोट होता, हेही वहीत आहे.

सुटायचं तर सगळेच सुटावेत किंवा थांबायचं तर सगळेच थांबावेत. म्हणून पुढच्या दिवाळीला महिनाभर प्रत्येक बिल तपासून पाहिलं. न्याय झाला, पण दाराशी कोंडी झाली. काउंटरवर वीस मिनिटं उभ्या राहिलेल्या माणसाला दहा पावलांवर पुन्हा उभं राहायचं. तोवर पाकीट खिशात गेलेलं, बिल पिशवीत तळाला, दोन्ही हात गुंतलेले. ज्यांना व्हॉट्सॲपवर बिल पाठवलं त्यांचं आणखी अवघड, दाराशी फोनला रेंज नाही. काही जण यूपीआयचा हिरवा टिक दाखवायचे. त्यावर वस्तू दिसत नाहीत, मग वाद.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण वॉचमनला हे माहीत असायला हवं. पैसे दिले की माल गिऱ्हाइकाचा. बिल दाखवा ही आपली विनंती आहे. कॉस्टकोसारख्या ठिकाणी सभासद होतानाच लोक ती अट मान्य करतात, आपल्या दुकानात तसं काही नसतं. 'नाही दाखवत' म्हणून कोणी निघाला आणि आपल्या माणसानं वाट अडवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली तक्रार आपल्यावरच होऊ शकते. त्यात एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. दुसरीकडं, पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा पैसे परत केले, तर नव्या कायद्यात शिक्षा समाजसेवेची आहे. साबण-बिस्किटाच्या संशयावरून दारात झटापट करणं कोणत्याच हिशोबात बसत नाही.

आता दारावर कोणी नाही, त्याऐवजी काय केलं ते सांगतो. रिकाम्या काउंटरमधून बाहेर पडायची वाट साखळी लावून बंद केली, म्हणजे प्रत्येक जण चालू काउंटरसमोरूनच जातो. मोठ्या पिशव्या आत येतानाच टोकन देऊन ठेवून घेतो, आणि त्या सगळ्यांच्याच. ब्लेड, हेअर डाय, डिओ, काजू-बदाम आणि तूप काउंटरच्या मागच्या कपाटात नेलं. तूट सगळ्यात जास्त तिथंच होती. कपड्यांच्या दुकानासारखं दारावर वाजणारं गेट बसवायचाही विचार केला होता, पण ते स्वस्तातले स्टिकर पत्र्याच्या डब्यावर नीट चालत नाहीत, आणि आमचा अर्धा महागडा माल डब्यात. दारावरचा तोच माणूस आता काउंटरवर पिशव्या भरतो आणि भरताना वस्तूचं नाव मोठ्यानं घेतो. ट्रॉलीचा खालचा कप्पा बघणं त्याच्याकडं. दोनदा लागलेला शॅम्पू आता पैसे द्यायच्या आधीच सापडतो. दर सोमवारी चाळीस ठरलेल्या वस्तू मोजतो, सगळं दुकान नाही.

फरक किती पडला? माझ्या वहीपुरतं बोलतो. माणूस काढल्यावर तूट वाढली नाही. काजू-बदामाची कमी झाली, पण ती कपाटामुळं. तुमच्याकडं वेगळं होऊ शकतं. दोन मजले असतील, भांडी-कपडेही असतील, काउंटरपासून दार लांब आणि मध्ये पुन्हा शेल्फ असतील, तर दारावर तपासणी ठेवावी लागेल असं मलाही वाटतं. आमच्यासारख्या एका दाराच्या दुकानात मी ती पुन्हा सुरू करणार नाही.

ठेवणारच असाल तर दाराशी कमरेएवढ्या उंचीचं एक टेबल ठेवा, हातातलं सामान टेकवायला. वॉचमनला पाणी प्यायला किंवा जेवायला जायचं असेल तेव्हा तपासणी पूर्ण बंद ठेवा, अर्धवट नको. आणि पहिले पंधरा दिवस स्वतः त्याच्या शेजारी उभे राहा, तो कोणाला जाऊ देतो ते बघायला.