गोगलगाय की हर्मिट खेकडा?

वाशीतल्या आमच्या 100 लिटरच्या रीफ टँकमध्ये (जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये) काचेवर शेवाळ धरलं की मी ट्रोकस गोगलगायीकडेच वळतो. ती काच आणि खडक खरवडून काढते, उलटी पडली तरी स्वतःच सरळ होते. टर्बो ही दुसरी गोगलगाय तिच्याहून खादाड, पण जाता-येता नीट न चिकटवलेले प्रवाळाचे तुकडे पाडते.

रिकाम्या शंखात राहणारा हर्मिट खेकडा फटींत अडकलेलं खाणं आणि केसाळ शेवाळ वेचतो. बघायला मजा येते खरी, पण शंखासाठी तो गोगलगायीचाच जीव घेतो! ठेवायचाच असेल तर थोडे मोठे रिकामे शंख टाकून ठेवा. माशांसाठी तांब्याचं औषध घातलेल्या टँकमध्ये दोघंही टिकत नाहीत.

नव्या टँकला चार-पाच गोगलगायी पुरेत. शेवाळ संपलं की त्या उपाशी मरतात.