गॉब्लिनांची बाजू ऐकून घेणारे वेबकॉमिक

छत्रपती संभाजीनगरात 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फासे टाकत, काल्पनिक पात्रे वठवत खेळायचा खेळ खेळणारा आमचा जो छोटा गट आहे, त्यात सेशन संपल्यावर चहाच्या टपरीवर हमखास रंगणारा वाद खेळातल्या डावावरून नसतो, तर 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' या वेबकॉमिकमधल्या रेडक्लोक नावाच्या गॉब्लिन, म्हणजे अशा खेळांत हमखास शत्रू ठरणाऱ्या राक्षसी जमातीतल्या, पुजाऱ्यावरून असतो. रिच बर्ल्यू या अमेरिकन लेखक-चित्रकाराने 2003 साली सुरू केलेल्या या कॉमिकचे तेराशेहून अधिक भाग आजवर आले असून ते सगळे त्याच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. गटात नव्याने येणारा प्रत्येक जण 'हे वाचावे का आणि कुठून वाचावे' असे विचारतो, म्हणून हे परीक्षण. वाचावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सुरुवातीला थोडा दम धरावा लागतो आणि ती सुरुवात सगळ्यांनाच मानवेल असे नाही.

कथेचा सांगाडा ओळखीचा आहे. रॉय हा लढवय्या, हेली ही पैशाला हपापलेली पण मनाने निर्मळ चोर, इलन हा गाणी म्हणून साथीदारांना बळ देणारा भोळाभाबडा बार्ड, वार्सुव्हियस हे विद्वत्तेचा दर्प असलेले एल्फ जादूगाराचे पात्र, डर्कन हा थॉर देवाचा ठेंगू पुजारी आणि बेल्कर हा दिसेल त्याला भोसकायला निघालेला हाफलिंग, म्हणजे बुटक्या जमातीतला, असे सहा जण झायकॉन नावाच्या मृत्यूलाही न जुमानणाऱ्या मांत्रिकाच्या मागावर निघतात. गंमत अशी की, आपले जग एका खेळाच्या नियमांवर चालते, हे या मंडळींना ठाऊक आहे. खेळाची 3.5 ही आवृत्ती 2003 मध्येच बाजारात आली होती आणि कॉमिकच्या पहिल्याच भागात लढाई चालू असताना या सहा जणांचे नियम अंगावरच्या अंगावर बदलतात. ज्याने कधी वीस पैलूंचा फासा हातात घेतलेला नाही, त्याला हा विनोद कळणार नाही, आणि पहिल्या शंभरेक भागांतले बरेचसे विनोद याच जातीचे आहेत. त्यात भर म्हणून बायकांच्या रूपावरचे आणि वार्सुव्हियस स्त्री की पुरुष यावरचे काही विनोद आज शिळे वाटतात. लेखकाने ते गुपित आजतागायत फोडलेले नाही, ही गोष्ट मात्र मला आवडते, कारण पुढे पुढे वाचकाला तो प्रश्न पडेनासा होतो.

मराठवाड्यातल्या वाचकाला या जगाचा भूगोल परका वाटण्याचे कारण नाही. 'डन्जन' म्हणजे काय हे नवख्या खेळाडूला समजावताना आमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा गडी, देवगिरी किल्ल्यातली अंधारी सांगतो: डोंगर पोखरून केलेला, वळणे घेत चढत जाणारा काळोखा मार्ग, ज्यात शिरलेल्या शत्रूला दिशाच कळू नये आणि पुढे त्याचा कोंडमारा व्हावा. दौलताबादची सहल केलेल्या कुणालाही एवढ्यावरून डन्जन कळते. कॉमिकमधली सुरुवातीची भटकंती अशाच एका भुयारात होते, फक्त तिथे प्रत्येक वळणावर राक्षस वाट पाहत असतात आणि त्यांना मारले की एक्सपी मिळतात, म्हणजे अनुभवाचे गुण, ज्यांच्या जोरावर पात्राची लेव्हल वाढते.

हे कॉमिक निव्वळ विडंबन राहत नाही ते याच एक्सपीमुळे. आपल्या खेळातला सर्वांत निष्पाप वाटणारा नियम बर्ल्यू उचलतो आणि त्याचा हिशेब मागतो. त्याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. सुरुवातीच्या भागांत ही टोळी एका दुर्मीळ धातूच्या शोधात जंगलातल्या गुहेत शिरते, तिथे एक तरुण काळा ड्रॅगन आडवा येतो आणि वार्सुव्हियस एका मंत्राने त्याची राख करून टाकते. खेळात अशा चकमकी रोजच्याच, म्हणून वाचणाराही हसून पुढचे पान उघडतो. मग शेकडो भाग उलटल्यावर त्या ड्रॅगनची आई सूड घ्यायला येते. तेव्हा लक्षात येते की, ती गुहा म्हणजे कुणाचे तरी घर होते, आणि मेलेला कुणाचा तरी मुलगा होता. त्यानंतर वार्सुव्हियसच्या हातून जे घडते आणि त्याची फळे आणखी किती तरी भागांनी ज्यांच्या पदरी पडतात, ते इथे सांगून वाचनाचा रस घालवत नाही. पण इतक्या लांब पल्ल्याचा कार्यकारणभाव इतक्या कसोशीने सांभाळलेला मी कॉमिक्समध्ये फारसा पाहिलेला नाही.

आता रेडक्लोक. तो झायकॉनचा उजवा हात, म्हणजे खलनायकच. परंतु त्याची तक्रार साधी आहे आणि ती खोडून काढता येत नाही: देवांनी गॉब्लिन घडवले तेच मुळी आपल्या पुजाऱ्यांना सोपे एक्सपी मिळावेत म्हणून, आणि म्हणूनच त्यांच्या वाट्याला नापीक जमिनी आणि तुटपुंजी साधने आली. त्याच्या लहानपणी सत्याचे आणि न्यायाचे रक्षक म्हणवणारे पॅलाडिन त्याच्या गावावर चालून आले आणि त्यांनी बायका-पोरांसकट सगळे गाव कापून काढले. आमच्या गटातला अंबाजोगाईचा एक मित्र या मुद्द्यावर दर वेळी एकच प्रश्न टाकतो, "अरे, पण त्याचं म्हणणं खोटं कुठंय?" म्हणणे खोटे नाहीच. वाद आहे तो त्याच्या मार्गाचा. इतक्या जणांचे बळी देऊन झाल्यावर आता माघार घेतली तर ते सगळे वाया जातील, या एकाच विचारापायी तो आणखी बळी देत राहतो आणि तडजोडीचा प्रस्ताव समोर आला तरी त्याचा हात पुढे होत नाही.

कथेतल्या अझूर सिटी या शहराच्या लढाईतला एक प्रसंग या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचण्याजोगा आहे. रेडक्लोक हॉबगॉब्लिनांना, म्हणजे गॉब्लिनांच्याच भाऊबंदांना, आपल्यापेक्षा हलके समजतो आणि त्यांच्या पलटणी खुशाल मरणाच्या तोंडी देतो, तोच त्यांच्यातला एक साधा शिपाई स्वतःचा जीव देऊन त्याला वाचवतो. चेहऱ्याच्या जागी दोन ठिपके आणि एक रेघ एवढेच असताना त्या पुढच्या चौकटींत रेडक्लोकला उमगलेली गोष्ट वाचकापर्यंत पोहोचते. काड्यांची माणसे काढणाऱ्या चित्रकाराला चित्रकला येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी ते पान जरूर पाहावे. आमच्या खेळावरही याचा परिणाम झाला, तो असा की, आता गॉब्लिनांची छावणी दिसली की आमचे निम्मे खेळाडू तलवारी म्यान करून वाटाघाटी सुरू करतात आणि डीएमची आठवडाभराची तयारी पाण्यात जाते.

तरीही उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. पहिली म्हणजे शब्दांची गर्दी. चौकटी संवादांनी अक्षरशः गच्च भरलेल्या असतात, त्यामुळे मोबाइलवर प्रत्येक भाग दोन बोटांनी मोठा करून वाचावा लागतो. संगणक हाताशी असेल तर त्यावरच वाचावे. इंग्रजीही सोपे नाही, कारण वार्सुव्हियसची वाक्ये जडजंबाल असतात आणि डर्कनची बोली स्कॉटिश वळणाची आहे, जी मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. दुसरी उणीव गतीची. कथेतला एक दिवस कधी कधी प्रत्यक्षातली दोन-दोन वर्षे खातो आणि नवे भाग ठरल्या वाराला येत नाहीत. येतील तेव्हा येतात. बेल्कर वर्ष संपण्याआधी शेवटचा श्वास घेईल, असे भाकीत कथेत फार पूर्वी झाले आहे आणि त्याचे चाहते अजून दर भागाला धास्तावतात, ते या संथपणामुळेच. फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल कुरकुर करणे शोभत नाही हे मान्य, पण नव्या वाचकाला आधी सांगितलेले बरे.

पैसे मोजायचे असतील तर छापील पुस्तके आहेत. छापील प्रती संपलेल्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणासाठी बर्ल्यूने 2012 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर 57,750 डॉलर मागितले होते आणि वाचकांनी साडेबारा लाखांहून अधिक डॉलर दिले; त्या काळी हा आकडा कॉमिक्सच्या विश्वात अभूतपूर्व होता. आपल्याकडे मात्र पुस्तकाच्या किमतीत परदेशी टपालखर्च मिळवला की मन आखडते, म्हणून पीडीएफ घेणे परवडते. सगळ्या संग्रहांमागे धावू नये. मुख्य कथा फुकट आहेच. विकत घ्यावे ते संकेतस्थळावर नसलेले 'स्टार्ट ऑफ डार्कनेस', ज्यात झायकॉन आणि रेडक्लोक यांची पूर्वकथा आहे. पण ते अझूर सिटीची लढाई वाचून झाल्यावरच उघडावे, आधी नव्हे.

सुरुवात कुठून करावी, यावर आमच्या गटात एकमत नाही. खेळणाऱ्याने पहिल्या भागापासून वाचावे. न खेळणाऱ्याने पहिले सुमारे 120 भाग, म्हणजे पहिल्या पुस्तकाचा मजकूर, भराभर चाळावेत, न कळलेल्या विनोदांवर अडून बसू नये आणि खरे वाचन त्यापुढच्या भागापासून करावे. मीको नावाची कर्मठ पॅलाडिन या टोळीला पकडायला येते, तिथपर्यंत पोहोचूनही गोडी लागली नाही, तर हे कॉमिक आपल्यासाठी नाही असे समजून खुशाल सोडून द्यावे.