डायरी नको, फळा घ्या

डिसेंबर संपत आला की कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत डायऱ्यांची रास लागते. ज्यांना कामांचं नियोजन जमत नाही त्यांच्या घरी त्यातली एक हमखास पोचते. कुणी स्वतः घेतं, कुणाला घरचे आणून देतात. संक्रांतीपर्यंत पानं भरतात, पुढं कोरी. मग बोलणी बसतात ती माणसाला. खरं तर वस्तूच चुकीची घेतलेली असते.

म्हणून इथं पाच वस्तू तपासल्या आहेत: तारखेची डायरी, भिंतीवरचा पांढरा फळा, डायलचा टायमर, चिकट चिठ्ठ्या आणि फोनमधलं कॅलेंडर. एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवर घालणं जड जाणारी मेंदूची स्थिती) किंवा ऑटिझम असलेल्यांची, डोक्याला मार लागून किंवा पक्षाघातातून उठलेल्यांची एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स, म्हणजे ठरवलेलं काम तडीस न्यायला लागणाऱ्या मेंदूच्या क्षमता, अनेकदा कमजोर असतात. काम सुरू करणं, पायऱ्यांचा क्रम लावणं, वेळेचा अंदाज घेणं, मधेच सुचलेल्या गोष्टीला थोपवून धरणं या चार जागी गाडी अडते. हुशारी असून अडते. गणितात पहिला येणारा पोरगा परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख लागोपाठ दोनदा चुकवतो, तो यामुळंच. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं जमवायला मदत करणाऱ्या उपचारात, ही क्षमता जोखायची एक चाचणी आहे. तिच्यात कोडी नसतात. साधा स्वयंपाक, एक फोन, औषधं घेणं आणि बिल भरणं अशी चार कामं देतात आणि कुठल्या पायरीला किती मदत लागली ते बघतात.

आम्ही लावलेली कसोटी एकच: वस्तू न उघडता दिसते का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांची मांडणी अशी की एडीएचडीत काय करायचं हे माहीत असतं, अडतं ते माहीत असलेलं वेळेवर करण्यात. म्हणून मदत कामाच्या जागी आणि कामाच्या क्षणी हवी. शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये हे कधीच ठरून गेलंय. तिथं जॉबबरोबर, म्हणजे घडवायच्या भागाबरोबर, पायऱ्या लिहिलेलं जॉब कार्ड फिरतं. टर्निंग झालं, आता ड्रिलिंग, मग ग्राइंडिंग. पुढचं ऑपरेशन डोक्यात ठेव असं तिथं कुणी कारागिराला सांगत नाही. घरी मात्र सगळं डोक्यात ठेवायचं असतं.

डायरी या कसोटीत पहिल्या फेरीतच बाद. ती मिटलेली असते, आणि ती उघडायची हेच आधी आठवावं लागतं. शिवाय चार दिवस राहून गेले की कोरी पानं दोष दिल्यासारखी समोर येतात आणि माणूस ती उघडायचंच टाळतो. घ्यायचीच असेल तर तारीख न छापलेली, ए-पाच आकाराची, स्पायरलची घ्या, म्हणजे चालू पान वर ठेवून टेबलावर उघडी पडून राहील. कातडी कव्हर आणि सोनेरी कडा असलेली कुणाला तरी भेट द्या.

फळा. दोन बाय तीन फुटांचा पुरतो. याहून मोठा घेतला की तो भरावासा वाटतो आणि भरलेला फळा कुणी वाचत नाही. दुकानात दोन प्रकार मिळतात. स्वस्तातला मेलामाइनचा, त्यावर मजकूर दोन-तीन आठवडे राहिला की पुसल्यावरही सावली उरते. महागातला चुंबक धरणारा, पोलादी पत्र्यावर सिरॅमिक लेप दिलेला. तो वर्षानुवर्षं स्वच्छ पुसला जातो. दर आठवड्याला पुसणार असाल तर मेलामाइन पुरे. चुकून परमनंट मार्करनं लिहिलं गेलं तर त्यावरच पांढऱ्या फळ्याच्या मार्करनं गिरवा आणि लगेच पुसा, दोन्ही निघून येतं. राहिलेल्या डागाला थोडं सर्जिकल स्पिरिट.

अभ्यासाच्या खोलीत तो लावू नका. चप्पल घालायची जागा, गाडीची किल्ली अडकवायचा खिळा, चहाची शेगडी, जिथून माणूस दिवसातून दहा वेळा जातो तिथं, डोळ्यांच्या उंचीवर लावा. दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपवर विसंबू नका. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंतीला ओल धरते आणि आषाढात फळा रंगासकट खाली येतो. प्लग ठोकून चार स्क्रू मारा. मार्कर सुतळीनं फळ्यालाच बांधा. हे हसण्यावारी नेऊ नका, मार्कर शोधायला गेलेला माणूस परत फळ्यापाशी येत नाही.

रकाने मार्करनं आखले तर पुसताना जातात, त्यासाठी वायरिंगची काळी इन्सुलेशन टेप वापरा. तीन रकाने आखा. ‘आज’ या रकान्यात टेपनंच तीन ओळी पाडा, चौथीला जागाच ठेवू नका. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये मांडलं की माणसाची कार्यस्मृती, म्हणजे काम करताना डोक्यात धरून ठेवायची जागा, एका वेळी साधारण चारच गोष्टी धरते. इथं तर ती आधीच ताणलेली. दुसरा रकाना ‘या आठवड्यात’. तिसरा ‘वाट बघतोय’, म्हणजे चेंडू दुसऱ्याच्या हातात असलेली कामं: सर्टिफिकेट यायचंय, मिस्त्री येणार आहे, रिपोर्ट मिळायचाय. हा तिसरा बहुतेक जण वगळतात, आणि नेमकी तिथलीच कामं महिनोन्‌महिने हरवतात.

लिहायचं कसं, यावर फळ्याचं निम्मं यश आहे. ‘लाइट बिल’ असं लिहिलं तर ते नुसतं नाव झालं, त्याला हात कुठं घालायचा ते कळत नाही. ‘जेवणानंतर फोनवर महावितरणचं ॲप उघडून बिल भरणे’ असं लिहा आणि बारा अंकी ग्राहक क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. काम अडतं ते बहुतेक वेळा अशाच एका क्षुल्लक गोष्टीपाशी: क्रमांक सापडत नाही, माणूस जुनं बिल शोधायला कपाट उघडतो आणि संध्याकाळपर्यंत कपाट आवरत बसतो.

फळ्याचा एक दोष मान्य करायला हवा. तीन आठवड्यांत तो भिंतीचा भाग होऊन जातो, डोळे त्यावरून घसरतात. उपाय सोपा आहे: रविवारी संपूर्ण पुसायचा आणि नव्या रंगाच्या मार्करनं पुन्हा लिहायचा. जे पुन्हा लिहायचा कंटाळा येतो ते काम बहुधा सोडून द्यायच्या लायकीचं असतं. आणि घरातल्या इतरांनी ‘आज’च्या रकान्यात हात घालायचा नाही. ‘किती येळा सांगायचं तुला?’ हे फळ्यावर लिहून उपयोग नाही, ते ऐकून पाठ झालेलं असतं. काही सांगायचं असेल तर आठवड्याच्या रकान्यात लिहावं आणि उचलायचं काम ज्याचं त्याच्यावर सोडावं.

आता फळ्याचा खरा कस लागतो तो रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला. पाहुणे एकला येणार. वरून खाली लिहायला बसलं की सगळं ‘सकाळी’ या एका शब्दात कोंबलं जातं. म्हणून खालच्या ओळीपासून वर चढा. एकला ताटं. साडेबाराला पांढरा, कारण नारळाचं दूध घातल्यावर तो खळखळ उकळला तर फुटतो, आधी करून ठेवणं धोक्याचं. बाराला तांबड्याला फोडणी, शेजारच्या शेगडीवर सुकं मटण. दोन्ही रश्श्यांना लागणारं अळणी, म्हणजे मटणाचं पाणी, मटण शिजल्यावरच मिळतं, आणि पातेल्यात मटणाला तास-दीड तास लागतो. म्हणजे साडेदहाला ते चढलं पाहिजे. ते शिजतंय तोवर सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटप. मटणाच्या दुकानापुढं रविवारी रांग असते, म्हणजे घर साडेआठला सोडायचं. आणि सगळ्यात वरची ओळ शनिवार संध्याकाळची: नारळ आहे का, खसखस आहे का, सिलिंडर किती दिवसांचा आहे.

बिघडतं कुठं? माणूस आवडीच्या पायरीपासून सुरू करतो. वाटपाचा मसाला तासभर प्रेमानं भाजत बसतो, मटण तसंच ओट्यावर. नाहीतर भात आणि भाकरी हे यादीतच नसतं. म्हणून प्रत्येक ओळीपुढं घड्याळाची वेळ हवी आणि झालेली ओळ पुसायची. टिक करायची नाही, पुसायचीच. म्हणजे उरलेल्या ओळींतली सगळ्यात वरची तीच पुढची पायरी.

टायमर ही यादीतली दुसरी वसूल वस्तू. वेळेचा अंदाज येत नाही त्याला आकडा दाखवून काही होत नाही. ‘१७ मिनिटं राहिली’ यातून काही जाणवत नाही, पण लाल तबकडी आक्रसताना दिसली की जाणवतं. साठ मिनिटांची तबकडी असलेले टायमर ऑनलाइन मिळतात. त्यात सेलवर चालणारा, आवाज कमी-जास्त करता येणारा घ्यावा. बजेट नसेल तर भांड्यांच्या दुकानातला चावीचा स्वयंपाकघरी टायमर चालतो, मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाच-दहा मिनिटांसाठी लावताना आधी डायल बराच पुढं फिरवून मग मागं आणायचा, नाहीतर स्प्रिंग पुरती भरत नाही आणि घंटी मधेच दम तोडते. दुसरं, तो टिकटिक करतो. ज्यांना आवाज सोसत नाही त्यांना त्याचाच त्रास.

फोनचा टायमर फुकट आहे, तरी नको. तो लावायला फोन हातात घ्यावा लागतो, आणि पुढची चाळीस मिनिटं रील्समध्ये.

किती मिनिटं लावायची? इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरी टायमरवरून पंचवीस मिनिटांची पद्धत बसवली, ती सगळीकडे सांगितली जाते. सुरुवातच ज्यांना जड जाते त्यांना पंचवीस डोंगराएवढी वाटतात. दहा लावा. घंटी झाल्यावर उठायची मुभा खरी हवी. ‘आता बसलायस तर कर की अजून’ म्हटलं की उद्या तो दहालाही बसणार नाही. उलट ज्यांची एकदा तंद्री लागली की जेवणखाण सुटतं, त्यांनी टायमर हाताच्या अंतरावर न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा. बंद करायला उठावंच लागतं.

टायमरचा आणखी एक उपयोग माहितीपत्रकात नसतो. काम सुरू करण्याआधी अंदाज लिहा, संपल्यावर लागलेली वेळ. आंघोळ ते गाडीची किक, अंदाज पंधरा, प्रत्यक्ष पस्तीस. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘प्लॅनिंग फॅलसी’ला नाव दिलं: आपलं काम लवकर उरकेल असंच माणसाला वाटतं, मागचा अनुभव काहीही असो. हे सगळ्यांचंच होतं, इथं जास्त होतं. दोन आठवड्यांच्या अशा नोंदी हाताशी असल्या की राजारामपुरीतून विद्यापीठात साडेनऊच्या तासाला पोचायला कधी निघायचं, यावर घरात भांडण उरत नाही.

चिकट चिठ्ठ्या: तीन बाय तीन इंची, एका चिठ्ठीवर एकच काम, एका वेळी पाचच. गठ्ठ्यातून खालून वर ओढली तर चिठ्ठीला बाक येतो आणि ती गळते. बाजूनं सोलून काढा. डिस्टेंपरच्या भिंतीवर त्या टिकत नाहीत. स्टीलचं कपाट, आरसा, दाराची आतली बाजू चालते. रंगांचं वर्गीकरण करत बसू नका, त्यात अख्खी दुपार जाते आणि काम केल्याचा भास तेवढा होतो.

फोनचं कॅलेंडर ठरावीक तारखेच्या कामांना लागतंच. एका कामाला तीन सूचना लावा: आदल्या रात्री, तासभर आधी, आणि निघायच्या क्षणी. शेवटची नोटिफिकेशन न ठेवता गजर ठेवा, आणि त्याला नाव द्या: ‘उठ, फाइल घे, निघ’. नोटिफिकेशन अंगठ्यानं कधी सरकवली ते कळतही नाही. काही अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला ॲप झोपवून टाकतात आणि सूचना येतच नाही. सेटिंग्जमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा. घड्याळापेक्षा घटनेला बांधलेलं काम जास्त वेळा होतं, हेही ध्यानात ठेवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या १९९९ च्या मांडणीतली ‘असं झालं की तसं करायचं’ ही घडी इथं बसते. ‘सात वाजता फळा बघायचा’ हे राहतं. ‘चहाचा कप मोरीत ठेवला की फळ्यापुढं उभं राहायचं’ हे होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरला आम्ही गुण देत नाही, कारण ते आधीच जिंकलेलं आहे. १९७३ पासून निघणाऱ्या कालनिर्णयावर घराघरांत दुधाचा खाडा आणि सिलिंडर लावल्याची तारीख लिहिलेली सापडते. पेन शेजारी, कॅलेंडर उघडं, जागा स्वयंपाकघरातली. चौकटीत लिहायला बोटभर जागा असते, म्हणून तारखा तिथं आणि कामं फळ्यावर.

यातली कुठलीही वस्तू निदानाची किंवा औषधाची जागा घेत नाही. लहानपणापासून असंच असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडं जा. एडीएचडीची लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का, हे ते विचारतातच, म्हणून जुनी प्रगतिपुस्तकं शेरे लिहिलेल्या पानांसह बरोबर न्या. पण व्यवस्थित कारभार बघणाऱ्या माणसाचं गणित पन्नाशी-साठीत अचानक विस्कटायला लागलं तर फळा आणायला जाऊ नका, आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

एकदम सगळं आणू नका. पहिल्या महिन्यात फळा आणि टायमर, बास. मार्कर चार घ्या आणि आडवे ठेवा. टोक वर करून पेल्यात उभे ठेवले की शाई खाली बसते आणि नवा मार्करही फिका उमटतो.