सावजी मसाल्याचं पाकीट: कॉपीराइट की ट्रेडमार्क?

नागपूरच्या इतवारीत घरचा सावजी मसाला विकायला काढणाऱ्यांनी आधी ट्रेडमार्कचा, म्हणजे मालाच्या नावावरच्या हक्काचा, अर्ज करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईक माल मागतं ते नावानं, आणि नावाला कॉपीराइट मिळत नाही. ट्रेडमार्कची नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण करत राहायचं. फक्त 'सावजी' या शब्दावर हक्क सांगू नका. तो साऱ्या नागपूरचा आहे. वेगळं नाव शोधा.

कॉपीराइट पाकिटावरच्या चित्राला मिळतो, तोही चित्र काढताक्षणी. नोंदणी सक्तीची नाही. चित्रकाराच्या हयातीनंतरही 60 वर्षं टिकतो. पण खरी मेख पुढे आहे. पैसे मोजले म्हणजे डिझाइन आपलं झालं, असं धरून चालू नका. चित्रकाराकडून हक्क लेखी लिहून घ्या आणि तो किती वर्षांसाठी, ही मुदतही टाका. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षंच धरतो! कराराचा हा एक कागद छपाईच्या आधीच करा.

मसाल्याच्या प्रमाणाला मात्र दोन्हीकडे संरक्षण नाही. ते घरातच ठेवा.